अंगण, कुरण आणि गवत : बालवाडीतल्या ऋतूंचा एक इतिहास

काही शब्द सरकारी होतात आणि मग त्यांच्यातला अर्थ हळूहळू निवृत्त होतो. 'अंगणवाडी' हा असाच एक शब्द आहे. आज तो ऐकला की डोळ्यांसमोर येते ती एक खोली, पोषण आहाराची पाकिटे, वजनकाटा, भिंतीवरचा तक्ता आणि मानधनवाढीसाठी धरणे धरून बसलेल्या सेविका. या चित्रात अंगण कोठेच नसते. समास शिकवताना मी अनेकदा हा शब्द फळ्यावर लिहिते आणि विग्रह विचारते. 'अंगणातील वाडी' हे उत्तर लगेच येते. मात्र ते अंगण कोणाचे, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

हा प्रश्न व्याकरणाचा नाही, इतिहासाचा आहे. आणि तो मला नव्याने सुचला तो एका बालवर्गाच्या भिंतीमुळे. नात्यातल्या एका मुलीला आणायला गेले असताना तिच्या वर्गाच्या भिंतीवर 'ऋतू' या विषयावरचे मुलांचे हस्तव्यवसाय लावलेले दिसले. पावसाळ्यासाठी कागदी होडी होती, ते ठीकच. हिवाळ्यासाठी कापसाचा हिममानव होता आणि पानगळीसाठी नारिंगी रंगात बुडवलेली मेपलची पाने. ज्या गावात हे घडत होते तेथे बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरच दिसतो आणि मेपलचे झाड कोणी पाहिलेले नाही. शाळेच्या आवारात मात्र एक बदामाचे झाड होते. त्याची पाने हिवाळ्याच्या अखेरीस खरोखरच लालभडक होऊन गळतात. ती झाडून कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती.

या विसंगतीवर हसून मोकळे होणे सोपे आहे. परंतु बालशिक्षणात ऋतू कसा आला, कोणत्या वाटेने आला आणि कोठे अडला, हे पाहू लागलो की ही विसंगती जुनी असल्याचे लक्षात येते. तिला तोड काढण्याचा एक फार गंभीर प्रयत्न मराठी मुलखातच, ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला झाला होता. या लेखात त्या प्रयत्नाचा मागोवा घ्यायचा आहे.

*

फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८४० मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे आपल्या संस्थेला 'किंडरगार्टन' हे नाव दिले, तेव्हा त्यातील बाग हे केवळ रूपक नव्हते. प्रत्येक मुलाला स्वतःचा एक लहानसा वाफा आणि भोवती सर्वांचे सामाईक वाफे, अशी त्याने कल्पिलेल्या बागेची रचना होती. बी पेरावे, वाट पाहावी, उगवलेले राखावे आणि शेवटी खुडावे, हा क्रम मुलाने हातांनी अनुभवावा अशी त्यामागची भूमिका. आपल्याकडचा 'बालवाडी' हा शब्दही याच कुळातला. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, हे ध्यानात घेतले तर या शब्दातली हिरवळ जाणवते.

तथापि फ्रोबेलची पद्धती जगभर गेली ती बागेच्या आधारे नव्हे. त्याने मुलांसाठी लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, दंडगोल, घन यांच्या क्रमवार पेट्या तयार केल्या होत्या. पेटी बांधून जहाजावर चढवता येते. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या व्यावसायिकाने त्या पेट्यांचे उत्पादनच सुरू केले. माती, ऊन आणि वाट पाहणे या गोष्टी मात्र पेटीत मावत नाहीत. त्यामुळे किंडरगार्टन जेथे जेथे गेले, तेथे पेटी आधी पोचली आणि बाग मागे राहिली.

मारिया माँटेसरीच्या बाबतीत हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिचे पहिले बालगृह उघडले. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात निसर्ग आणि शेतीकाम यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. झाडे आणि प्राणी सांभाळताना मूल दुसऱ्या जीवाची निगा शिकते, पेरणी आणि फळ यांच्यामधल्या काळात धीर शिकते, असा त्यातला विचार आहे. परंतु 'माँटेसरी' म्हटल्यावर लोकांना आठवतो तो दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा. ती साधने अप्रतिम आहेत, यात शंका नाही. डोळ्याला, बोटांना, कानाला लहान-मोठा, खरखरीत-गुळगुळीत, हळू-मोठा हे भेद इतक्या नेमकेपणाने शिकवणारी दुसरी साधने त्या काळात नव्हती. त्यांचा गुण म्हणजे त्यांची अचूकता, आणि अचूकतेसाठी ती ऋतूबाहेर असावी लागतात. गुलाबी मनोरा आषाढात जसा असतो तसाच माघातही असतो.

पेटी आणि बाग यांतला हा ताण पुढे भारतात कसा सुटत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

*

गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. तेथे १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, अमरावतीचा संसार मोडल्यानंतर राजकोटच्या अध्यापिका-विद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या या बाईंनी बालवर्गातल्या मुलांसाठी ते पद सोडले, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. १९३६ मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि दादरला 'शिशुविहार' उभा राहिला. गिजुभाई १९३९ मध्ये वारले.

भावनगर आणि दादर या दोन्ही ठिकाणची मुले प्रामुख्याने मध्यमवर्गीय होती. त्यांच्या पालकांना माँटेसरीची साधने परवडत नसली तरी समजू शकत होती. या पालकांच्या घरी ऋतू येत तो मुख्यतः सणांच्या आणि पदार्थांच्या रूपाने. पानगळ, पाऊस, थंडी हे त्यांच्या मुलांसाठी निरीक्षणाचे विषय होते, पोटाचे नव्हते. म्हणून तेथे ऋतू हा वर्गातल्या अनेक विषयांपैकी एक म्हणून सुखाने राहू शकला.

१९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. मोरगावात जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि हट्टाने शिकलेल्या अनुताईंचे आत्मकथन 'कोसबाडच्या टेकडीवरून' अनेकांनी वाचले असेल. ताराबाईंची विद्वत्ता आणि अनुताईंची चिकाटी असा या जोडीचा उल्लेख नेहमी केला जातो. तो खरा असला तरी त्यात एक गोष्ट सुटते. या दोघींनी बोर्डीत जे केले, त्यात बालशिक्षणाच्या एका सिद्धान्ताचीच फेरमांडणी होती.

खेड्यात विकत आणलेली साधने चालणार नव्हती. पैसा नव्हता आणि असता तरी बिघडलेले साधन दुरुस्त कोण करणार? म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू, माती यांतून साधने घडवली गेली. तत्त्व माँटेसरीचेच राहिले : वर्गवारी, क्रम, स्पर्श, गणन. वस्तू बदलल्या. हा बदल सहसा काटकसरीचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्याचा खरा परिणाम वेगळा होता. लाकडी ठोकळा कपाटातून काढायचा असतो. बी झाडाखालून वेचायचे असते. वेचायचे तर ते कधी पिकते, केव्हा गळते, कोणत्या झाडाखाली सापडते हे ठाऊक हवे. म्हणजे साधन वापरण्याआधीच शिकणे सुरू झाले, आणि कपाटाला नसलेले वेळापत्रक साधनाला आले. बागेने पेटीत शिरकाव केला तो असा, मागच्या दाराने.

*

यापुढचे पाऊल मात्र कोणत्याही सिद्धान्तात नव्हते. केंद्र उघडले, पण सर्व मुले येईनात. विशेषतः गावाबाहेरच्या दलित वस्तीतली मुले दूर राहिली. ज्या समाजात पाणवठे वेगळे होते तेथे 'सर्वांसाठी बालवाडी' अशी पाटी लावल्याने उंबरठा ओलांडला जात नाही. शिवाय चार-पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते आणि तिची आई कामावर गेलेली असते. तेव्हा बालवाडीच वस्तीत न्यावी असे ठरले. शिक्षिका साधने घेऊन घरांपुढच्या अंगणात जाऊ लागल्या. मुलांना धुणे-पुसणे, नखे काढणे येथपासून गाणी, गोष्टी, मोजणी येथपर्यंत सारे तेथेच होऊ लागले. अंगणवाडी ती ही. फळ्यावरच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे : ते अंगण त्या मुलाचे, त्याच्या घरचे होते. शिक्षिका तेथे पाहुणी होती.

अंगण म्हणजे केवळ मोकळी जागा असे शहरात वाटते. ज्यांनी मातीचे अंगण पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की अंगण बारमाही नसते. पावसाळ्यात ते चिखलात जाते. पाऊस ओसरला की ते खणून, चोपून, शेणाने सारवून पुन्हा घडवावे लागते. मग तेथे धान्य वाळते, झोडणी होते, पाखडणी होते. उन्हाळ्यात वाळवणे पडतात आणि रात्री माणसे झोपतात. अशा जागी भरणाऱ्या वर्गाला ऋतू 'विषय' म्हणून घ्यावा लागत नाही. बसायची जागाच ऋतू ठरवतो. समोर सुपात दाणे असताना मोजणीसाठी निराळे मणी कशाला हवेत? खरखरीत तूस आणि गुळगुळीत तांदूळ यांहून चांगला स्पर्शाचा पाठ कोणता?

याच वर्षाच्या जानेवारीत सेवाग्रामला झालेल्या परिषदेत नयी तालीमची कक्षा जन्मापासून मरणापर्यंत विस्तारावी असा विचार मांडला गेला होता. श्रमातून शिक्षण हे त्याचे सूत्र. बोर्डीचे काम या सूत्राच्या जवळचे होते, तरी एक फरक जाणवतो. नयी तालीम शाळेत श्रम आणू पाहत होती. अंगणवाडीने शाळा उचलून, जेथे श्रम आधीच चालू होते तेथे नेली.

*

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता मुले प्रामुख्याने वारल्यांची होती, आणि येथे ऋतू या कल्पनेचीच कसोटी लागली.

आपण भाषेचे शिक्षक ऋतू कोठून शिकतो? कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तून सहा ऋतू येतात, ग्रीष्मापासून वसंतापर्यंत. पाठ्यपुस्तकातून तीन येतात. बालकवींचा श्रावण तर शाळकरी वयापासून आपल्या अंगात मुरलेला असतो. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने बारा महिन्यांचे झाड-पान-पाखरू इतके बारकाईने दाखवले की मराठी वाचकाची नजरच बदलली. या परंपरेत ऋतू पाहणाऱ्याचा असतो. पाहण्यासाठी थोडी उसंत लागते.

वारली मुलाचे वर्ष निराळ्या रीतीने विभागलेले होते. पळस फुलतो आणि मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात, ती वेचायची. पुढे राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा जाळून तयार करायची. वैशाखात करवंदे आणि जांभळे. पहिल्या पावसाच्या सुमारास शेवळे उगवतात, पाठोपाठ खेकडे आणि रानभाज्या. आषाढात आवणी, बाया ओणव्या होऊन दिवसभर चिखलात. दिवाळीच्या सुमारास भात तयार होते, वाघबारशीला गुराखी वाघदेवाची पूजा करतात आणि तारपा वाजू लागतो. यातली प्रत्येक गोष्ट मुलाला हातापायांनी ठाऊक असते. कोणती भाजी कडू आणि कोणती खाण्याजोगी, हे ओळखणे त्याच्यासाठी निसर्गनिरीक्षण नव्हते, संध्याकाळचे जेवण होते.

आणि श्रावण? घरातले धान्य बहुधा याच सुमारास संपते. पुढचे भात हाती यायला अवकाश असतो. म्हणून जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून 'खावटी' आणायची, म्हणजे खाण्यापुरते धान्य कर्जाऊ घ्यायचे आणि पिकावर ते वाढीने फेडायचे, अशी रीत होती. ज्या महिन्यात आपली कविता सर्वांत हिरवी होते, त्याच महिन्यात या घरांतले मडके रिकामे असे. हे लिहिताना बालकवींना खाली उतरवण्याचा हेतू नाही. परंतु श्रावणाचे चित्र काढून घेणाऱ्या शिक्षिकेला दोन्ही श्रावण ठाऊक असावेत, एवढे तरी म्हणता येईल.

कोसबाडला शाळेत न येणारी मुले कोठे असत? मोठी मुले गुरांमागे असत. तेव्हा अंगणवाडीचेच तर्कशास्त्र एक पाऊल पुढे गेले आणि शिक्षिका कुरणात गेल्या. ही 'कुरणशाळा'. गुरे चरत आहेत, मुलांचे अर्धे लक्ष त्यांच्याकडे आहे, आणि झाडाखाली अक्षर-अंकांचे काम चालले आहे. तेथे घंटा निरुपयोगी. गुरांचा माग हेच वेळापत्रक. ताराबाईंनी या प्रयोगाविषयी पुस्तकही लिहिले. लहानग्यांसाठी 'विकासवाडी'ची कल्पना आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असली की मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी थांबावे लागत नाही. आज हे सहज सुचण्याजोगे वाटते. पण शाळेची रचना मुलाच्या वयावरून न ठरवता घरातल्या कामाच्या वाटणीवरून ठरवायची, हा विचार तेव्हा नवा होता आणि आजही फारसा रुजलेला नाही.

*

आता गवताकडे यायला हवे. कुरणशाळा म्हटले की मनात येते ते हिरवे, निवांत कुरण. परंतु या टापूत गवत हा निवांत शब्द नव्हता. डहाणू-उंबरगाव भागातले गवत कापून, बांधून मुंबईच्या तबेल्यांसाठी पाठवले जाई. पाऊस संपला की गवतकापणी सुरू होई आणि ती वारली स्त्री-पुरुष करीत, बहुधा नगण्य मजुरीवर, अनेकदा वेठीने. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधला गेलेला 'लग्नगडी' ही येथली रूढ संस्था होती.

१९४५ हे वर्ष शिक्षणाच्या इतिहासात बोर्डीचे वर्ष म्हणून नोंदले जाते. चळवळीच्या इतिहासात ते वारली उठावाचे वर्ष आहे. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात झरी येथे हजारो वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निर्धार केला. पुढे मजुरीच्या दरासाठी गवतकापणी बंद ठेवण्यात आली, आणि १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात ही सारी कहाणी आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आपल्या अभ्यासक्रमांत चळवळीचे साहित्य म्हणून वाचले जाते. 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचले जाते ते स्त्रीचे आत्मकथन म्हणून. दोन्ही पुस्तकांतली टेकडी, पाऊस आणि गवत एकच आहे, हे मात्र क्वचितच कोणी शेजारी ठेवून पाहते.

तसे पाहिले की दोन्ही पुस्तके एकमेकींना प्रश्न विचारू लागतात. गोदावरीबाईंच्या कहाणीत गवत हे मजुरीचे माप आहे. ताराबाईंच्या कुरणात त्याच गवतावर मूल बसलेले आहे. मूल गवताची काडी हाती घेऊन लांब-आखूड असा क्रम लावते, ही बालशिक्षणातली सुंदर घटना आहे. पण त्याच काडीचा भारा डोक्यावर घेऊन त्याची आई सायंकाळी परतते आणि तिला त्याचे किती मिळाले, हे घरात बोलले जाते. मुलाला दोन्ही ठाऊक असते. शाळेने त्यातले कोणते गवत आपले मानायचे?

ताराबाई-अनुताईंवर येथे एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळू नये. कुरणशाळेने मुलाचे गुरे राखणे मान्यच केले, असे म्हणता येईल. काम करणाऱ्या मुलाला शिकवणे आणि मुलाला कामातून सोडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीनदारीविरुद्ध लढणाऱ्याला हा मार्ग मवाळ वाटला तर नवल नाही. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की मूल सुटेपर्यंत त्याचे बालपण थांबत नाही. सहा वर्षांचे मूल व्यवस्था बदलेपर्यंत सोळा वर्षांचे होते. उठावाने वेठ मोडली. ती मोडल्यानंतरही गुरे होती, पाऊस होता, धाकटी भावंडे होती. ज्या शाळेने त्यांची दखल घेतली, तिने निदान मुलाला त्याच्या घरापासून तोडून सुशिक्षित केले नाही. दोन्ही प्रयत्नांनी एकच गोष्ट ओळखली होती : या मुलखात ऋतू समजून घेतल्यावाचून माणसापर्यंत पोचता येत नाही. संप गवत कापायच्या वेळीच परिणामकारक ठरतो, आणि शाळा गुरे चरतात तेथेच भरते.

*

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील तेहतीस प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. ताराबाई दोन वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये वारल्या होत्या. एक मराठी प्रयोग सगळ्या देशाचा शब्द झाला, याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी या मार्गांनी या योजनेने कोट्यवधी मुलांपर्यंत मजल मारली आणि तिची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु योजनेला बारमाही खोली लागते, एकसारखे नोंदपत्रक लागते. अंगण स्थिर झाले आणि ऋतू तक्त्यावर गेला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला. त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. खेळातून, कृतीतून, परिसरातून शिकावे, असे तो सांगतो आणि ते योग्यच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला अनुसरून 'जादुई पिटारा' प्रकाशित झाला : खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रकार्डे यांचा संच. साहित्य चांगले आहे. तरी फ्रोबेलच्या पेट्यांचा इतिहास आठवतो आणि मनात येते, की या वेळीही पेटी आधी पोचेल काय.

कुरणशाळेचा वारसा पेटीपेक्षा दुसरीकडे अधिक स्पष्ट दिसतो. दिवाळी झाली की आजच्या पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पावसाच्या तोंडावर ती परततात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र सुरू होताना मूल गावात नसते. १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांजवळच 'भोंगाशाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांचे तात्पुरते खोपटे. गवताच्या जागी वीट आली आणि कुरणाच्या जागी भट्टी, पण तर्कशास्त्र तेच : ऋतूने मुलाला जेथे नेले, तेथे शाळेने जावे.

'ऋतूनुसार कृतिशील शिक्षण' हा शब्दप्रयोग आता बालवर्गांच्या माहितीपत्रकांतही आढळतो. त्याचा अर्थ कापूस, कात्री आणि रंग एवढाच राहिला आहे, याचे वाईट वाटते, कारण त्यामागे किती चालणे होते हे आपल्याला ठाऊक नाही. हिममानव काढू नये असे माझे म्हणणे नाही. मुलांना दूरच्या गोष्टींचेही कुतूहल असतेच. मात्र आवारातल्या बदामाची लाल पाने आधी आत आणावीत. आणि ती झाडून ढीग करणाऱ्या मावशींचे मूल याच वयाचे असेल तर ते या वेळी कोठे आहे, हेही शिक्षिकेने एकदा विचारावे. ताराबाई आणि अनुताईंनी सुरुवात याच प्रश्नापासून केली होती.